परदेशात सुटे पैसे: किती, कुठले आणि कुठे मोडून घ्यायचे

प्रश्न असा आहे: आई-वडिलांना घेऊन जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली असा दहा-बारा दिवसांचा प्रवास आहे. फॉरेक्स कार्ड घेतलं आहे, थोडी रोकडही घेणार आहात. तिकडे सगळीकडे कार्ड चालतं म्हणतात, मग सुट्या पैशांची गरज खरंच पडते का? पडत असेल तर किती ठेवायचे, आणि ते इथूनच न्यावेत का?

गरज पडते, पण मोजक्या ठिकाणी, आणि ती ठिकाणं बहुधा घाईची असतात. स्वच्छतागृहाचं फिरतं दार, सामानाचं लॉकर, बसचा गल्ला, सुपरमार्केटची ट्रॉली, हॉटेलात बॅग उचलून देणारा माणूस. म्हणून हिशेब रकमेचा करण्याऐवजी कामांचा करा. ‘पन्नास युरोची चिल्लर ठेवतो’ याला अर्थ नाही. पन्नास युरोची चिल्लर पाव किलोहून जड होते, आणि त्यात एक युरोची चार नाणी नसली की दारापाशी अडायचं ते अडतंच.

आधी इथली तयारी. आपल्याकडचे मनी चेंजर परकी नाणी देत नाहीत आणि परतही घेत नाहीत. ते नोटा देतात, आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर पन्नासच्या आणि शंभरच्याच देतात, कारण त्या मोजायला सोप्या. पैसे घ्यायला जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करून ‘पाच, दहा आणि वीसच्या नोटा हव्यात’ असं सांगून ठेवा. तीनशे युरो घेत असाल तर दोनशे वीसच्या नोटांत, साठ दहाच्यांत आणि चाळीस पाचच्यांत मिळाले तर उत्तम. पाचच्या हमखास मिळत नाहीत, दहाच्या मिळतात. सगळं चलन एकाच वेळी घ्या. परकी चलन घेताना त्या व्यवहारावर जीएसटी लागतो आणि रक्कम लहान असली तरी तो कमीत कमी ४५ रुपये पडतो. पन्नास-पन्नास युरो करत तीनदा गेलात तर तो तीनदा भराल.

पहिली नाणी उतरल्यावरच हातात येणार. विमानतळावरच्या चलन बदलून देणाऱ्या खिडकीवर चिल्लर मागायला जाऊ नका. दर वाईट असतो आणि नाणी द्यायचा त्यांना उत्साह नसतो. चांगला मार्ग म्हणजे तिकीट मशीन. स्टेशनवरच्या मशीनमध्ये दहाची नोट घालून साडेतीन युरोचं तिकीट काढलं की उरलेले साडेसहा युरो बहुधा नाण्यांतच खळखळत खाली पडतात, आणि ती बहुतेक एक-दोन युरोचीच असतात. एक अडचण लक्षात ठेवा. तिकिटाच्या किमतीच्या मानाने फार मोठी नोट मशीन घेत नाही. पन्नासची नोट घालून ती परत बाहेर येत असेल तर मशीन बिघडलेलं नाही, नोट मोठी आहे. दुसरा मार्ग विमानतळाबाहेरच्या सुपरमार्केटचा. पाण्याची बाटली आणि केळी घेऊन वीसची नोट द्या. वर्तमानपत्राच्या टपरीवर किंवा सकाळी सकाळी बेकरीत पन्नासची नोट पुढे केली तर तोंड वाकडं होईल. आपल्याकडे सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने पाचशेची नोट काढल्यावर वाण्याचं होतं तसंच.

एटीएममधून पैसे काढणार असाल तर गोल रकमा टाळा. २०० मागितले तर पन्नासच्या चार नोटा येतात. १९० मागा, म्हणजे शेवटचे चाळीस मशीनला वीसच्या नोटांत द्यावे लागतात. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाहतच्या आसपास किंवा त्याहून जास्त शुल्क कापलं जातं, म्हणून तिथे एकदाच काढायचे, पण १०,००० ऐवजी ९,९०० काढायचे. वरचे नऊशे एक पाचशे आणि चार शंभरांत येतात, आणि टॅक्सीवाल्यापुढे हजाराची नोट नाचवायची वेळ येत नाही.

आता तुमच्या मार्गाकडे. युरोची नाणी आठ: १, २, ५, १०, २०, ५० सेंट आणि १, २ युरो. तुमच्या कामाची शेवटची तीन. एका बाजूला देशानुसार चित्र वेगळं असतं, पण जर्मनीत मिळालेलं नाणं इटलीत बिनधास्त चालतं. ‘हे तिकडचं आहे का?’ ही शंका वडीलधाऱ्यांना हमखास येते, ती आधीच दूर करा.

जर्मनीत महामार्गावरच्या थांब्यांवर बहुतेक ठिकाणी सानीफेअर नावाची स्वच्छतागृहं आहेत. २०२२ सालच्या अखेरीपासून तिथे माणशी १ युरो लागतो. दारापाशी १ युरोचं कूपन मिळतं, ते तिथल्या दुकानात वापरता येतं, पण एका वस्तूला एकच कूपन. चार जणांची चार कूपनं एका कॉफीवर खपवता येत नाहीत. लहान मुलांसाठी बाजूला बुटकं दार असतं, त्यांना पैसे पडत नाहीत. ही मशीनं आता कार्डही घेतात, पण सहलीची बस पंधरा मिनिटं थांबलेली असते, मागे चाळीस माणसं उभी असतात, आणि कार्ड कुठे टेकवायचं हे आईला पहिल्यांदाच समजून घ्यायचं असतं. नाणं टाकणं सोपं. प्रवासाच्या दिवशी असे दोन थांबे धरले तर माणशी दोन नाणी. तिघांची मिळून सकाळी सहा, वर दोन जास्तीची. रोज रात्री एवढी आठ आहेत ना हे पाहून ठेवलं की झालं, पूर्ण सहलीची चिल्लर पहिल्याच दिवशी जमवायची नाही.

इथे बहुतेक मराठी कुटुंबांत होणारी एक चूक सांगतो. पाकीट एकाकडे असतं. स्वच्छतागृहाच्या दाराशी बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे जातात आणि पाकीट उजवीकडे निघून जातं. प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये स्वतःची किमान दोन नाणी असलीच पाहिजेत.

जर्मनीत किमतींची पूर्णांकांत जुळवाजुळव करत नाहीत. ३.९९ म्हणजे ३.९९, आणि एक सेंट परत मिळतो. त्यामुळे तांब्याच्या रंगाची १, २, ५ सेंटची नाणी भराभर साठतात. ती जर्मनीतच सुपरमार्केटमध्ये खपवा. इटलीत रोखीचं बिल पाच सेंटच्या पटीत आणतात, तिथे १ आणि २ सेंटना कुणी विचारत नाही. फिनलंड, नेदरलँड्स, बेल्जियम आणि आयर्लंडमध्येही तसंच.

इटलीत नाण्यांचा एक उपयोग असा आहे जो सहलीच्या पत्रकात सापडत नाही. जुन्या चर्चमध्ये चित्रं अंधारात असतात आणि भिंतीवर एक लहान पेटी असते. तीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोडा वेळ राहतो, मग जातो. रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेसी चर्चमध्ये काराव्हाज्योची संत मॅथ्यूची तीन चित्रं आहेत, ती अशीच नाणं टाकून पाहायची. पन्नास सेंट, एक आणि दोन युरो यातली दोन-तीन नाणी त्यासाठी वेगळी ठेवा. दुसऱ्याने नाणं टाकण्याची वाट बघत कोपऱ्यात उभे राहणारेही असतात, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

बाकी इटलीत कॉफी उभ्याने पिण्याची पद्धत आहे आणि ती दीड-दोन युरोच्या आत असते. दोन युरोचं नाणं काउंटरवर ठेवून सुटे घेणं हे तिथलं रोजचं चलनवलन आहे. चिल्लर कमी पडली तर इथेच भरून काढा.

या दोन देशांच्या मधे स्वित्झर्लंड येतं आणि तिथे सगळं बदलतं. पर्यटकांच्या दुकानांत आणि रेल्वेत युरोच्या नोटा घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये परत करतात आणि दर त्यांच्या सोयीचा असतो. युरोची नाणी मात्र सहसा घेत नाहीत. तेव्हा जर्मनीची सीमा ओलांडताना युरोची नाणी एका कप्प्यात बंद करा, ती इटलीतच उघडायची. तिथली नाणी ५, १०, २० राप्पेन (शंभर राप्पेनचा एक फ्रँक), अर्धा, १, २ आणि ५ फ्रँक. यात दोन फसगती आहेत. अर्ध्या फ्रँकचं नाणं दहा आणि वीस राप्पेनपेक्षा लहान आणि हलकं असतं, त्यामुळे ते सगळ्यात कमी किमतीचं समजून टाकून दिलं जातं. दुसरी फसगत महाग आहे: ५ फ्रँक हेसुद्धा नाणंच आहे, नोट दहापासून सुरू होते. ते एक नाणं म्हणजे आपले पाचशेहून अधिक रुपये. अशी चार खिशात घेऊन मुंबईला उतरलात तर दोन हजार रुपयांचा पेपरवेट झाला. स्वित्झर्लंडमध्ये १ आणि २ फ्रँकची मिळून सहा-सात नाणी पुरतात, स्टेशनवरची स्वच्छतागृहं आणि लॉकर एवढ्यासाठीच. पाचचं नाणं हाती पडलं की त्याच दिवशी चॉकलेटमध्ये घाला.

इंग्लंड तुमच्या मार्गात नाही, पण इथे त्याची आठवण करून द्यावीच लागते, कारण घरात काका-मामांनी आणलेली पौंडांची डबी असते आणि ‘घेऊन जा, कामाला येतील’ असं म्हणून ती हातात दिली जाते. गोल एक पौंड १५ ऑक्टोबर २०१७ नंतर चालत नाही, आताचं बारा कोनांचं आहे. कागदी वीस आणि पन्नास पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात घेत नाहीत. त्या बँक ऑफ इंग्लंड मात्र अजूनही बदलून देते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोकड चालतच नाही. स्वीडनच्या जुन्या एक, दोन आणि पाच क्रोनरच्या नाण्यांची मुदत जून २०१७ मध्ये संपली, आणि तिथे एरवीही रोख पैसे काढणारा माणूस विरळाच. डबीतली नाणी नेण्याआधी त्यांचं चलन अजून जिवंत आहे का हे पाहा.

तुमच्या मार्गात नसलेल्या, पण पुढेमागे जाणं होईल अशा आणखी काही देशांचंही सांगून ठेवतो. अमेरिकेची चिल्लर वेगळ्याच कारणाने छळते. तिथल्या रोजच्या नाण्यांवर आकडा नसतो, अक्षरं असतात. डाइम म्हणजे दहा सेंट, आणि तो पाच सेंटच्या निकेलपेक्षाच काय, एक सेंटच्या पेनीपेक्षाही लहान. आकारावरून किंमत ओळखायची सवय असलेल्या माणसाची इथे हमखास चूक होते. शिवाय फळीवर लावलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. न्यूयॉर्कमध्ये ८.८७५ टक्के कर लागणारी ४.९९ डॉलरची वस्तू बिलावर ५.४३ होते, सहा डॉलर दिले की ५७ सेंट परत, म्हणजे पाच नाणी. दिवसभरात अशी चार खरेदी आणि खिसा भरला. चलनासाठी पेनी पाडणं १२ नोव्हेंबर २०२५ रोजी बंद झालं, असलेल्या पेन्या मात्र वैध आहेत. जपून ठेवायचं नाणं एकच, क्वार्टर. इमारतीच्या तळघरातली कपडे धुण्याची मशीनं, पार्किंगचे जुने मीटर, बसचा गल्ला या सगळ्यांना तेच लागतं. मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांसाठी मुलांनी बँकेतून क्वार्टरची गुंडाळी आणून ठेवावी. एका गुंडाळीत ४० नाणी, दहा डॉलर.

अमेरिकेत नाण्यांपेक्षा एक डॉलरच्या नोटा जास्त कामाच्या. बॅग उचलणाऱ्याला नगामागे एक-दोन डॉलर, खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोज दोन ते पाच, आणि हे पैसे रोजच्या रोज उशीजवळ ठेवायचे, कारण रोज येणारी व्यक्ती वेगळी असू शकते. नाणी टिप म्हणून ठेवणं तिथे अपमानासारखं वाटतं. सगळ्या नोटा एकाच आकाराच्या आणि दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे अंधाऱ्या टॅक्सीत एकाच्या जागी वीसची जाते. एकच्या नोटा पाकिटाबाहेर, वेगळ्या खिशात.

जपानमध्ये मात्र नाणी हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. १, ५, १०, ५०, १०० आणि ५०० येन. पाच आणि पन्नासला मधोमध भोक असतं. आपल्याकडे ज्यांनी भोकाचा पैसा पाहिला आहे त्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल. पाचाच्या नाण्यावर आपल्याला वाचता येईल असा आकडा नाही, फक्त जपानी लिपी आहे. सोनेरी आणि भोकाचं म्हणजे पाच, एवढं पाठ करा. एक आणि पाच येन बहुतेक विक्री मशीनं घेत नाहीत. पाचाला ‘गोएन’ म्हणतात आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध, म्हणून देवळाच्या पेटीत टाकायला लोक ते मुद्दाम जपतात. तुमचीही पाचाची नाणी तिथेच जाऊ द्या.

सुइका किंवा इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड घेतलंत तर बस-रेल्वेचा नाण्यांचा प्रश्न मिटतो. कार्ड नसेल तर बसचा क्रम समजून घ्या. क्योतोत शहर बसचं सरसकट भाडं २३० येन आहे: मागच्या दारातून चढायचं, पुढून उतरताना भरायचं. चालकाशेजारच्या पेटीला दोन तोंडं असतात. एक नोट मोडून देणारं, दुसरं भाडं गिळणारं. हजाराची नोट भाड्याच्या तोंडात घातली तर उरलेले पैसे आपोआप बाहेर येतील असं समजू नका. आधी मोडायची, सुटे हातात घ्यायचे, त्यातले दोन शंभर आणि तीन दहा मोजून टाकायचे. मोडून घेणं बस सिग्नलला थांबलेली असताना उरकावं, उतरताना रांग खोळंबते. हे यंत्र हजारापेक्षा मोठी नोट घेत नाही. पाचशेचं दुरंगी नाणं २०२१ च्या नोव्हेंबरपासून आणि नव्या नोटा ३ जुलै २०२४ पासून आल्या. जुनी यंत्रं ही दोन्ही परत थुंकतात, त्यामुळे दोन-चार शंभराची नाणी नेहमी शिल्लक हवीत. स्टेशनवरच्या जुन्या लॉकरना तर शंभराचीच लागतात, लहान लॉकरला चार-पाच. आणि जपानमध्ये टिप द्यायची नसते. टेबलावर ठेवलेली नाणी घेऊन वेटर रस्त्यापर्यंत तुमच्या मागे येईल.

दुबईला एक दिरहॅमचं नाणं ट्रॉलीला लागतं. त्यावर कॉफीची सुरई आहे, पन्नास फिल्सचं (शंभर फिल्सचा एक दिरहॅम) सात कोनांचं आणि पंचवीसचं हरणाचं. आकडे अरबी असतात आणि आपली गंमत होते ती पाचावर: अरबी पाच हुबेहूब मराठी शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. चित्रावरून ओळखणं बरं.

व्हिएतनाममध्ये नाणी व्यवहारात नाहीतच. तिथे सुटे म्हणजे दहा आणि वीस हजार डाँगच्या नोटा. वीस हजार आणि पाच लाख या दोन्ही निळसर, प्लॅस्टिकच्या. फरक पंचवीसपट. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवल्याशिवाय रस्त्यावर पाकीट उघडू नका.

नेपाळला जाताना आपल्या शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा न्या. मोठ्या भारतीय नोटांचे तिथले नियम बदलत आले आहेत, शंभराला कधी अडचण नसते. शंभराचे १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे, कुणी १५० सांगितले तर हसून १६० म्हणा. भूतानचा न्गुल्ट्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा आहे, पण परत येताना तो मागे ठेवून या, इकडे चालत नाही.

ठेवायचे कशात? नाण्यांसाठी जुन्या पद्धतीच्या चंचीइतकं सोयीचं काही नाही: दोन-तीन कप्पे, वरून दोरी. एका कप्प्यात चालू देशाची कामाची नाणी, दुसऱ्यात पुढे लागणारी दुसऱ्या चलनाची, तिसऱ्यात खपवायची तांबडी. विमानतळावर तपासणीआधी ती हातातल्या बॅगेत टाका, खिशात राहिली तर पुन्हा पुन्हा चौकटीतून जावं लागेल. आई-बाबांसाठी पहिल्या रात्री हॉटेलात सगळी नाणी टेबलावर मांडून हातात घेऊन दाखवा. पाच मिनिटं लागतात, आणि दुसऱ्या दिवशी गल्ल्यासमोर तळहात पसरून ‘यातले घ्या’ म्हणावं लागत नाही.

खपवण्याला देश सोडायच्या दोन दिवस आधी सुरुवात करा. त्यानंतर मोठी नोट मोडायची नाही, कारण प्रत्येक नोट नवी चिल्लर घेऊन येते. शेवटच्या संध्याकाळी सुपरमार्केटच्या स्वतः बिल करायच्या यंत्रावर सगळी नाणी ओता आणि उरलेली रक्कम कार्डाने भरा. बरीचशी यंत्रं असं अर्धं-अर्धं घेतात. रोकड घेणारं यंत्र आहे ना तेवढं आधी पाहा. हॉटेलचं बिल भरतानाही ‘एवढे रोख, बाकी कार्ड’ चालतं, इटलीत माणशी लागणारा शहर कर तर अनेक हॉटेलं रोखच मागतात. तरीही उरलीच तर विमानतळावर दानपेट्या असतात.

घरी आणलेल्या नाण्यांबद्दल नियमाची काळजी नको. परकी नाणी किती बाळगावीत यावर आपल्याकडे मर्यादा नाही. नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत ठेवता येतात, त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला परत कराव्या लागतात. पुन्हा युरोपला जाणार असाल तर एक युरोची सहा नाणी आणि दहाची एक नोट पाकिटात घालून त्यावर वर्ष लिहून ठेवा. पुढच्या वेळी उतरल्या उतरल्या तिकीट मशीन शोधावं लागणार नाही.